छपराखालची दारं

"बसा हो, घाबरू नका," भूगोलाचे सर म्हणाले. पण टपालवाली बसली नाही. पत्रांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तिनं कॉम्प्युटरपाशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

"काय केलंय हिनं?"

"फॉर्मवर तुमची सही स्वतःच ठोकलीये. नकाशांच्या नव्या कोर्ससाठी."

लेकीनं नर्सिंगचा विषय घ्यायचा, असं घरात ठरलं होतं. पण टपालवाली धास्तावली होती ती वेगळ्याच कारणानं. गेले चार रविवार पोरगी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघायची आणि उन्हानं लाल होऊन परतायची. परवा ती मैत्रीणच वाटेत भेटली. "आमच्याकडे? कधीची आलीच नाही, मावशी."

"रविवारची कुठे असतेस?" तिनं सरांसमोरच विचारलं.

"तुझ्या गल्ल्यांत," लेक पुटपुटली. "फोनवर एकेक दार टिपते. सरांनी उपग्रहातून आपला भाग कसा दिसतो ते दाखवलं ना, तेव्हापासून. पण वरून नुसती छपरं दिसतात गं. दारं नाही दिसत."

टपालवाली मटकन खुर्चीत बसली.

"एवढंच ना?" तिला हसूच फुटलं. "अगं, सांगायचंस की! मी मनानं कुठल्या कुठे पोचले होते!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. सहीचं बघते घरी गेल्यावर."

कोर्सला आठ मुलं लागतात, आलीत पाचच, सर सांगत होते. बाकीच्यांना वाटतं, फोन रस्ता दाखवतो, मग शिकायचं काय? टपालवालीचं लक्ष कुठे होतं! पडद्यावर, लेकीनं टिपलेल्या नकाशात, आईची बावीस वर्षांची पायपीट पसरली होती.

"हे चुकलंय. ह्यांचं दार मागच्या बोळात उघडतं. आणि इथून जिना आहे, वर तीन बिऱ्हाडं."

मधल्या सुट्टीत रेंगाळणारी दोन-चार टवाळ पोरं दारातून डोकावली. "मावशी, आमचं घर सापडतंय का बघा!"

"तुझं? ते पिवळं फाटक. आईला सांग, कुत्रं बांधून ठेवा म्हणावं."

पोरं खिदळली, पण पडद्याजवळ सरकली. "आणि माझं?" "ए, मला बघू दे!" सरांनी आवाज न करता खण उघडून कोरे फॉर्म बाहेर काढले.

आई सांगत गेली, लेक टिपत गेली. एका दारापाशी आईचं बोट थांबलं.

"इथले आजोबा गेले मागच्या महिन्यात. एकटेच होते. पत्र नसलं तरी दारात उभे असायचे."

"मग पुसू?"

"नको. दार आहे ना अजून."

लेकीनं माउसवरचा हात काढून घेतला.