लाल फडक्यातली वही

रुक्माला ते स्वप्न नेहमी दुपारीच पडायचं. सिगडी विझलेली, नलू शेजारच्या सिंधुताईकडे खेळायला गेलेली, पत्र्यावर ऊन तडतडत असलेलं, आणि डोळा लागला न लागला की ती खिडकी समोर यायची. जन्म-मरणाच्या दफ्तराची खिडकी. आत टेबलावर लाल फडक्यात बांधलेली वही. फडक्याची गाठ आपोआप सुटायची, पानं उलटायची, पण पानांवरची अक्षरं मुंग्यांसारखी चालत कडेला जायची आणि दिसेनाशी व्हायची. खिडकीपाशी तिचा नवरा जानराव उभा असायचा. त्याचे ओठ हलायचे. एकच कुठलासा शब्द तो सांगत असायचा, पण मागे कारखान्याच्या पायाचे खांब ठोकणारा घण चालू, धाड्, धाड्, धाड्. शब्द काही ऐकू यायचा नाही. "मोठ्यानं बोला ना!" असं रुक्मा ओरडायची, आणि स्वतःच्याच ओरडण्यानं जागी व्हायची.

आता "मोठ्यानं बोला" हे तिचं जागेपणीचंही पालुपद होतं बरं का. जानरावाचा आवाज म्हणजे काय सांगावं! भाजी मागितली तरी कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. त्याचं काम क्रेनच्या हुकाला लोखंड बांधायचं, तिथे सगळं हातवाऱ्यांनी चालतं. घरीही तो निम्मं हातवाऱ्यांनीच भागवायचा. माणूस सोन्यासारखा होता, पण त्याच्या पोटातलं बाहेर काढायचं म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढण्याइतकी खटपट.

आणि रुक्माला त्याच्या पोटातली एकच गोष्ट हवी होती. सत्तावन सालच्या हिवाळ्यात त्या खिडकीपाशी त्यानं काय सांगितलं होतं?

त्याच्या आदल्या वर्षी दोघांनी पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षा घेतली होती. मग साकोलीकडचं गाव सोडून ती भिलाईला आली, पोलादाच्या कारखान्याच्या मजूर-कॅम्पात झोपडी मिळाली, आणि तिथे नलू झाली. घरातलं पहिलं लेकरू, जे जन्मानंच बौद्ध. रुक्मा बाळंतपणाच्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली होती, "वहीत नीट लिवून या. जुनं काई पोरीच्या नावापुढं येऊ नाई पायजे."

जानराव दफ्तरात गेला. पण त्याच आठवड्यात त्याच्या टोळीतला बाबाराव घरी येऊन सांगून गेला होता, "दफ्तरात नवंनवं काई सांगू नोका बापा. आपन टेम्परवारी मानसं. नोकरीचे वांधे होतात." रुक्मानं ते खाटेवरून ऐकलं होतं. संध्याकाळी जानराव परतला, पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायला.

"काय सांगतलं?"

"जे हाय ते."

"जे हाय ते, म्हंजे?"

"सांगतलं ना वं," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

बस्स. एवढंच. जे हाय ते! कोणाच्या मते हाय? गावाच्या मते, की आपल्या? साडेपाच वर्षं ते तीन शब्द रुक्माच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते. नवऱ्यावर तिचा जीव होता, म्हणूनच जास्त टोचायचं. भीतीनं यानं पोरीला जुन्याच नावाखाली घातलं असेल तर? पुन्हा विचारायची तिची हिंमत नव्हती. नको ते उत्तर मिळालं असतं तर त्याच माणसाला रोज जेवायला कसं वाढायचं?

नलूला शाळेत घालायचं वर्ष जवळ आलं तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, "दफ्तरातून जशी नोंद येईल तशी शाळेत चढेल." शाळेत जे चढतं ते जन्मभर पुसत नाही, हे काय रुक्माला कोणी सांगायला हवं होतं? म्हणून शाळेच्या आदल्या वर्षीच, चैतात, ती एकटी खिडकीवर जाऊन उभी राहिली.

खिडकीत केवलराम बाबू बसायचा. दुर्गकडचा माणूस, डोक्याला तेल, कानात अत्तराचा बोळा. पाच वर्षं ती वही त्याच्या हाताखाली होती, आणि आता ती त्याला स्वतःचीच वाटू लागली होती. पोटच्या पोरीसारखा जपायचा तो तिला.

"पोरीचं नाव पाहाचं हाय, बाबू."

"गोपनीय है," केवलराम म्हणाला. मग वर पाहून, जरा हसून, "और देखके क्या करोगी, बाई? पढ़ना आता है?"

रांगेतली दोन माणसंही हसली. रुक्माला वाटलं, जमीन फाटली तर बरं. ती तशीच मागे फिरली.

त्या रविवारी ती विहाराच्या झोपडीत गेली. शामराव मास्तर म्हणजे खरे चरोद्याच्या रेल्वे यार्डातले, गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन, पण रविवारी सायकल मारत कॅम्पात यायचे आणि बायकापोरांना अक्षरं शिकवायचे, म्हणून ते मास्तर.

"गोपनीय म्हंजे काय, जी?" रुक्मानं विचारलं.

"झाकून ठेवाचं. कोनाले दाखवाचं नाई."

"माह्या पोरीचं जलमनं झाकून ठेवाचं? कावून? म्या का चोरून आणली का तिले?"

मास्तरांनी तिच्यापुढे पाटी सरकवली आणि त्या पाटीवर एक "ब" काढला.

मग वर्षभर रुक्माचं सगळं जगच अक्षरांचं झालं. सिमेंटच्या पोत्यावरचं नाव, ट्रकच्या फळीवरचं नाव, खांबावरचं "खतरा". कोहक्याच्या बाजारात गूळ ज्या कागदात बांधून यायचा तो कागद ती घरी येईपर्यंत वाचत यायची, आणि गूळ हाताला चिकटायचा. संध्याकाळी कारखान्याच्या भट्टीतून लोखंडाची तापलेली मळी ओतली की सगळं आभाळ गुलाबी होई. त्या उजेडात दारात बसून ती नलूच्याच पाटीवर नलूचं नाव गिरवायची. जानराव, गावच्या शाळेत दोन इयत्ता शिकलेला, बाजूला बसून बघायचा. "जमून राहिलं," असं एकदा म्हणाला. कशासाठी शिकतेय, ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दुपारचं स्वप्नही हळूहळू बदलू लागलं. वहीतली अक्षरं अजून पळायची, पण शिकलेलं अक्षर मात्र जागच्या जागी थांबायचं. आधी "ब" थांबला. मग "न". पुढे पुढे अर्धं पान थांबायला लागलं, आणि झोपेत रुक्माला असं गोड वाटायचं की उठूच नये. जानरावाचे ओठ मात्र तसेच मुके हलायचे.

मे महिन्यात, नलूच्या शाळेला महिनाभर उरला असताना, ती पुन्हा दफ्तरात गेली. रांगेत सात-आठ माणसं होती. भिंतीवर खिळ्याला एका कापड दुकानाचं कॅलेंडर लटकलेलं होतं, त्याच्यावर गाईचं चित्र. गेल्या वर्षीही ते तिथेच होतं. पण गेल्या वर्षी रुक्माला फक्त गाय दिसली होती. यंदा तिला गाईच्या खुरांखालून डोकावणारी पत्र्याची कड दिसली, आणि त्या कडेवरची अक्षरं. स... म... य. समय. ग्यारह से एक.

तिनं पुढे होऊन कॅलेंडर उचललं. खाली निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत पाटी होती. रुक्मानं बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पोर धडा वाचतं तसं, अडखळत, पण शेवटपर्यंत.

"जन्म... मृत्यु... पंजी... नागरिकों के... देखने का समय... ग्यारह से एक."

पंजी म्हणजे तीच वही, लाल फडक्यातली. केवलरामच्या हातातला टाक तसाच राहिला.

"पुराना बोर्ड है वो," तो म्हणाला.

"जुना असन, पन खोडला त नाई ना. नागरिक म्हंजे मी बी ना, बाबू? आन आता वाजले किती?"

घड्याळ केवलरामच्याच डोक्यावर होतं. साडेअकरा. रांगेतला एक म्हातारा खोकून म्हणाला, "दिखा दो न, बाबू." मग दुसरा. मग तिसरा. केवलराम काही राक्षस नव्हता, सहा वर्षांत त्याला कोणी पाटी वाचून दाखवली नव्हती इतकंच. त्यानं लाल फडक्याची गाठ सोडली. सत्तावनचं पान काढून त्यानं वही खिडकीत तिच्याकडे फिरवली.

अक्षरं आता पळून जातील, असं रुक्माला वाटलं. पण ती पळाली नाहीत. नाव, नलू. बाप, जानराव. माय, रुक्मा. स्वतःचं नाव पाहून तिला क्षणभर लाजल्यासारखं झालं. पुढचा रकाना, धर्म. तिथे दोनच अक्षरं होती.

बु. ध.

तिनं पुन्हा वाचलं. बुध. हे काय? आपलंच वाचणं कच्चं असणार. आणखी एकदा वाचलं, बोटानं. बुधच.

"बाबू, हे का वार लिवला? माही नलू त शुक्रवारची हाय."

केवलराम वाकला. पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अरे, जो बोला सो लिखा," तो पुटपुटला. "मैंने पूछा धरम. उसने कहा बुध. इतना धीरे बोला, और बाहर घन चल रहा था. उन दिनों टेसन पर रोज नया आदमी उतरता था, रूसी, मद्रासी, पंजाबी. मैंने सोचा, बुध भी होंगे कोई."

रुक्मा खिडकीचा गज धरून उभी राहिली. स्वप्नातला घण अचानक थांबला, आणि साडेपाच वर्षांनी तिला त्या ओठांतला शब्द ऐकू आला. सांगितलं होतं त्यानं! घाबरत, पुटपुटत, टेम्परवारी नोकरी टांगणीला असताना, पण खरा शब्द सांगितला होता. जुनं नाव सांगितलं असतं तर या बाबूच्या हातून ते कधीच चुकलं नसतं. ती सगळी नावं त्याला झोपेतही पाठ होती. रुक्माच्या डोळ्यांना धार लागली आणि ती तिनं पुसलीही नाही.

केवलराम ओशाळला होता. त्यानं टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं, कागद खरडायला. "अभी ठीक कर देता हूँ, बाई. किसीको बोलना मत."

रुक्मानं गजांतून हात घालून पानावर पंजा ठेवला.

"खरडू नोका. आधी त्यायले पाहू द्या. उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी जानरावाची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळ मोकळी. "दफ्तरात चला," एवढंच ती म्हणाली. जानरावाचा चेहरा उतरला, पण तो निघाला. सिंधुताई सोबत आली, आणि कॅम्पातल्या आणखी तिघीजणी आपापल्या लेकरांची नावं पाहायला आल्या. कॅलेंडर आता दुसऱ्या खिळ्यावर होतं. केवलरामनं न बोलता पान फिरवलं.

जानरावानं वाचलं. बराच वेळ वाचलं. मग रुक्माकडे वळला.

"म्हंजे तुले इतके वर्सं वाटत होतं, का म्या..."

"हो," रुक्मा म्हणाली. "वाटत होतं. माफ करा मले."

"म्या सांगतलं होतं वं. भेव लागून रायलं होतं, पन सांगतलं होतं. घरी आल्यावर मलेच खात्री नोयती, त्यानं आयकलं का नाई. म्हनून बोललो नाई."

म्हणजे तोही साडेपाच वर्षं तोच काटा घेऊन झोपत होता. बघा आता! एका खाटेवर दोन माणसं, आणि मधे ती वही.

केवलरामनं टाक दौतीत बुडवला. "बोलो भाई. धरम क्या लिखूँ?"

जानरावानं खिडकीचे दोन्ही गज धरले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "बौद्ध!"

असा म्हणाला की बाहेर बाकावर डुलक्या घेणारा चपराशी उठून उभा राहिला, आणि सिंधुताईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"ब ले काना आन दोन मात्रे," रुक्मा केवलरामला सांगत होती, "मंग द ले ध जोडा. हं, असं."

शाई वाळेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. मग नवऱ्याकडे वळून, पदरानं तोंड पुसत, ती आयुष्यात पहिल्यांदाच त्याला म्हणाली, "अवं माय, हळू बोला ना जरासं."