सहा मिनिटांची मोटर

मंगळवारी पॅकर्स येणार होते, रविवारी माझी शर्यत होती आणि गुरुवारी आमच्या ह्यांनी टॅक्सीतून बोटीची एक मोटर घरी आणली. जुन्या चादरीत गुंडाळलेली. बालीगंजच्या आमच्या जिन्यावरून ती वर नेताना पायरीपायरीवर काळ्या तेलाचे ठिपके पडले. ते पुसले कोणी? अर्थात मी.

शर्यतीचं आधी सांगायला हवं. हे बँकेतले, कलकत्ता ही त्यांची शेवटची बदली; आता निवृत्त होऊन आम्ही पुण्याला निघालो होतो. इथे आल्यावर शेजारच्या आभादींनी मला हाताला धरून तळ्यावरच्या रोइंग क्लबात नेलं. पहिल्या महिन्यात दोनदा पाण्यात पडले. पोहता येतं, म्हणून लाजेवर निभावलं. पण चार वर्षांत वल्ह्यांनी मला वेडच लावलं. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, पंचावन्नच्या पुढच्या बायकांच्या शर्यतीत, आभादी आणि मी एका बोटीत बसणार होतो. पाठीवर नंबर लावून मी आयुष्यात कशातच उतरले नव्हते. मला ही एक शर्यत हवी होती. जिंकायची नव्हती हो, नुसती करायची होती.

आणि बुधवारी क्लबाचे सेक्रेटरी शौनकबाबू म्हणाले, शर्यत फेब्रुवारीत. बचावाच्या बोटीची मोटर दुरुस्तीला गेली होती आणि बचावाची बोट मागे असल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही, असा नियम. फेब्रुवारीत मी पुण्यात पॅकर्सची खोकी उघडत बसलेली असणार. घरी येऊन मी कोबी चिरता चिरता रडले. ह्यांनी विचारलं, मी सांगितलं.

"क्लबात जुनी मोटर असेल ना पडलेली? मी बघतो."

ते 'मी बघतो' माझ्या चांगलं ओळखीचं आहे. असं म्हणून ह्यांनी आजवर एक मिक्सर, दोन इस्त्र्या आणि माझ्या मेव्हण्यांचं घड्याळ कायमचं झोपवलंय. पण खरं सांगायचं तर स्कूटर ह्यांना कळते. सोलापूरपासून सतरा वर्षं ह्यांनी एकच स्कूटर चालवली आणि मेकॅनिकला कधी हात लावू दिला नाही. क्लबाच्या अडगळीतून आणलेली ही मोटरही तशीच, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी आणि डोक्यावरच छोटी टाकी असलेली.

गच्चीवर निळ्या ड्रममध्ये पाणी भरलं आणि काठाला फळी बांधून मोटर लटकवली. दोरी ओढली की मोटर अशी गर्जायची की चार इमारतींमधली कबुतरं उडायची. वेग कमी केला की दोन आचके देऊन बंद. नेमकं तेच चालणार नव्हतं. बचावाच्या बोटीला आमच्या मागे रांगत यावं लागतं. जोरात आली तर तिच्या लाटांनीच आम्ही उलटायचो, आणि मधेच बंद पडली तर पंच लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवणार.

ह्यांनी आधी प्लग घासला. मग मोटर बाजूला कलती करून पाहिली. "अहो, ती स्कूटर नाहीये," मी म्हटलं. शेवटी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला. आत तिळाएवढ्या भोकाची पितळी जेट होती आणि त्या भोकात वर्षानुवर्षांचं पेट्रोल सुकून डिंक झालं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून, वायरची एक तार हलकेच फिरवून, सायकलच्या पंपाने हवा मारून ह्यांनी ते मोकळं केलं. मग हवेचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत आणि दीड फेरा बाहेर. हे सगळं करताना जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. साठ वर्षांचा माणूस!

शनिवारी सकाळी दोरी ओढली, वेग कमी केला, आणि मोटर टक टक टक करत चालू राहिली. मी टाळ्या पिटल्या. हे कमरेवर हात ठेवून उभे. मी आभादींना फोन लावला, "आभादी, चल रही है!" एवढं म्हणतेय तोवर मोटर मंदावली, खोकली आणि गप्प झाली.

"पेट्रोल संपलं असेल," म्हणत ह्यांनी टाकीचं टोपण उघडलं. भरपूर होतं. टोपण लावलं, दोरी ओढली, मोटर सुरू. सहा मिनिटांनी बंद. पुन्हा टोपण, पुन्हा सुरू, सहा मिनिटांनी पुन्हा बंद. दुपारपर्यंत ह्यांनी तो कार्बोरेटर तीनदा उघडला. आभादी चहाचा थर्मास घेऊन वर आल्या आणि ड्रमशेजारी वेताच्या मोढ्यावर बसल्या.

"शुलभा, छोड़ दो. बेचारे का मुँह देखो." माझ्या नावातला 'स' आभादींच्या तोंडी 'श'च होतो.

"मुँह क्या देखूँ? शर्यत माझी आहे!" भाषांची माझी अशीच खिचडी होते रागावले की. ह्यांच्यावरही ओरडले. सहा मिनिटांची मोटर घेऊन काय करू, ओवाळू? ह्यांनी पुन्हा एकदा टोपण उघडलं. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून मला ते ऐकू आलं. फुस्स.

तो आवाज मी ओळखते. गरम भात डब्यात भरून झाकण घट्ट लावलं की गार झाल्यावर ते उघडत नाही, आणि चमच्याने उचकटलं की असाच आवाज येतो. हवा आत जाते तेव्हाचा.

"थांबा. टोपण परत लावू नका," मी म्हटलं. "पेट्रोल खाली जातंय, पण त्याच्या जागी हवा कुठून येणार? आत ओढ बसतेय. म्हणून थांबतंय ते. तुम्ही दर वेळी उघडता आणि हवा देता, म्हणून परत चालू होते."

हे टोपण उलटसुलट करून बघू लागले. टोपणाच्या मधोमध एक लहानसा पितळी स्क्रू होता. कानाच्या बाळीएवढा.

"हा कशाला आहे?" मी विचारलं.

"तो सैल होता. मी पहिल्याच दिवशी आवळला," हे अभिमानाने म्हणाले. "पेट्रोल उडून जातं ना." आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

स्कूटरच्या टोपणाला हवेचं भोक असतंच, त्याला काही करावं लागत नाही. इथे तो स्क्रू सैल केला की हवा जाते, आवळला की बंद. जुन्या मोटरीचं काहीच बिघडलं नव्हतं, ती सहा मिनिटं श्वास कोंडून इमानाने चालत होती. मी इतकी हसले की ड्रमला धरून उभी राहिले. आभादींना हिंदीतून सांगताना तर हसू आवरेना! हे आधी रुसले, मग तेही हसले. स्क्रू दोन फेरे सैल केला आणि आम्ही तिघं चहा पीत बसलो. पंचवीस मिनिटांनी ह्यांनीच ती बंद केली.

रविवारी तळ्यावर कोवळं ऊन होतं. शौनकबाबू आदल्या संध्याकाळीच मोटर पाहून शर्यतीला तयार झाले होते, पण क्लबाचा माणूस त्या मोटरीला हात लावेना. साहेबच बसू देत, म्हणाला. म्हणून पुढे पोहणारा जीवरक्षक आणि मागे मोटरीशी आमचे हे. पोहता येत नाही, त्यामुळे नारिंगी जॅकेट हनुवटीपर्यंत आवळलेलं.

तीन बोटी होत्या. झेंडा पडला आणि पहिल्या वीस वल्ह्यांतच बाकीच्या दोन्ही निघून गेल्या. बचावाची बोट सगळ्यांत मागच्या बोटीशी राहते, म्हणजे आमच्याशी.

वल्हवणाऱ्याची पाठ असते पुढे आणि तोंड मागे. त्यामुळे ती अख्खी शर्यत माझ्यासमोर हे होते. टक टक टक करत, लाट न उठवता, माझ्या वेगाने येत होते. लग्नाला चौतीस वर्षं झाली. एस्प्लनेडच्या गर्दीत असो की सियालदहच्या फलाटावर, हा माणूस माझ्यापुढे दहा पावलं चालतो आणि मी त्यांच्या शर्टावर नजर ठेवून मागे पळते. बदलीच्या गावीसुद्धा आधी हे, मागून मी. आज पहिल्यांदाच मला चालताना त्यांचा चेहरा दिसत होता. माझ्या प्रत्येक वल्ह्याबरोबर त्यांची मान पुढेमागे होत होती आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात होती. मला हसू आलं, रडू आलं, आणि आभादी मागून ओरडल्या, "शुलभा, टानो, टानो!" मी जीव खाऊन वल्ही ओढली.

शेवटची रेषा ओलांडल्याची घंटा झाली. पाठीवरचा नंबर घामाने चिकटला होता. मला इतका आनंद झाला होता की दोन्ही वल्ही पाण्यात तशीच सोडून मी नुसती बसून राहिले. ह्यांनी बोट हळूच आमच्या शेजारी आणली.

"काय, शेवटून पहिली ना?" हे म्हणाले.

"असेन," मी म्हटलं. "तुमच्या पुढे होते."