साडेपाच ग्रॅम

त्वचारोग विभागातल्या ड्रेसिंगच्या खोलीत एक नियम होता. जुनी ट्यूब परत दिल्याशिवाय नवी मिळत नसे. मलम जोरकस असलं की काही लोक ते अत्तरासारखं पुरवून पुरवून वापरतात आणि काही लोक घरातल्या सगळ्यांच्या खाजेवर फासून मोकळे होतात. म्हणून सिस्टर परत आलेली प्रत्येक ट्यूब काट्यावर ठेवत, रिकाम्या ट्यूबचं वजन वजा करत आणि किती मलम उरलं ते वहीत लिहीत.

गणित साधं होतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची रेघ काढली की एक पेर झालं. एका पेरात अर्धा ग्रॅम मलम. मानेपासून बैठकीपर्यंत अख्ख्या पाठीला सात पेरं, म्हणजे साडेतीन ग्रॅम. रोज एकदा लावलं तर आठवड्याला साडेचोवीस. तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये साडेपाच ग्रॅम उरायला हवेत.

पण साडेपाच कोणाचेच उरत नसत. कोणाचे नऊ, कोणाचे दोन, कोणी ट्यूब कापून आतून पुसून आणलेली. त्या विभागात सिस्टरांना सव्वीस वर्षं झाली होती आणि माणसं मलम कशी लावतात हे त्यांना काट्यावरून कळत असे. कंटाळा, भांडण, पाहुणे, सगळं ग्रॅममध्ये दिसायचं.

घड्याळजींच्या पाठीच्या ट्यूबमध्ये मात्र सलग सहा आठवडे साडेपाच ग्रॅम उरत होते.

घड्याळजी म्हणजे एकाहत्तर वर्षांचे घड्याळदुरुस्ती करणारे गृहस्थ. अंगभर सोरायसिस, त्यातून सांधे धरलेले. उजवा खांदा वर जात नव्हता, डावा जेमतेम कानापर्यंत पोचत होता. दर मंगळवारी साडेचारला ते यायचे, चार पस्तीसला कधीच नाही. त्यांना दोन ट्यूब मिळत. एक त्यांनी स्वतः लावायची. दुसरीवर सिस्टरांनी जाड पेनाने ‘पाठ’ असं लिहिलेलं असायचं आणि ती घरच्यांनी लावायची. घरच्यांच्या रकान्यात ‘सून’ असं होतं.

“आली का स्वारी?” खोली पुसणाऱ्या मावशींनी त्या मंगळवारी विचारलं. “आमच्या भिंतीवरचं घड्याळ तुम्हाला बघून चालतं वाटतं.”

“ते दोन मिनिटं मागे आहे,” घड्याळजी म्हणाले. “तुमच्यासारखंच. चहाच्या वेळेला तेवढं पुढे जातं.”

“सुनेला असंच बोलता का घरी?”

“तिला बोलायची छाती नाही माझी. रोज रात्री पाठ तिच्या हातात असते.”

मावशी हसत बादली घेऊन गेल्या. सिस्टरांनी ट्यूब काट्यावर ठेवली. साडेपाच.

त्या दिवशी वहीतला आकडा नेहमीसारखा लिहून चालणार नव्हतं. गुरुवारी मोठे डॉक्टर घड्याळजींचा कागद हातात घेणार होते. सहा आठवडे मलम लावूनही पाठ तशीच राहिली असेल, तर इंजेक्शन सुरू करायचं असं ठरलं होतं. इंजेक्शन चांगलं होतं. अनेकांना त्याने नवं आयुष्य मिळालेलं सिस्टरांनी पाहिलं होतं. पण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, आणि घड्याळजींच्या छातीच्या फोटोत जुन्या क्षयाचा डाग होता. आधी तीन महिने क्षयाच्या गोळ्या घ्याव्या लागणार, यकृताला त्या झेपतील की नाही ते बघावं लागणार, आणि एवढं करूनही झोपलेला रोग जागा होणारच नाही असं कोणी लिहून देणार नव्हतं. डॉक्टर एका वाक्यावर निर्णय घेणार होते. ते वाक्य लिहायचं काम सिस्टरांचं होतं: मलम नियमित लावलं, गुण आला नाही.

“शर्ट काढा, काका. आज मी स्वतः बघते.”

“डॉक्टरांनी मागच्या वेळी बघितली की.”

“डॉक्टर दारातून बघतात.”

घड्याळजींनी शर्ट काढायला वेळ लावला. आधी डावी बाही, मग उजवी डाव्या हाताने ओढून. शर्ट खुंटीला लावून ते भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. सिस्टरांनी दिवा जवळ घेतला.

कंबर स्वच्छ होती. कुशी स्वच्छ होत्या. मानेखाली चार बोटं स्वच्छ. आणि मधोमध, खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये आणि खाली, ताटाएवढा लाल, जाड, पांढऱ्या खपल्यांचा तुकडा. कडा इतक्या ठळक की पेन्सिलीने आखाव्यात. रोग असा थांबत नाही. तो विरत जातो, बेटं सोडतो, नदीसारखा पसरतो. ही कड रोगाची नव्हती. सिस्टरांनी मनातल्या मनात एक न वळणारा खांदा त्या पाठीवर ठेवला आणि हात कुठवर पोचेल ते मोजलं. कड तिथेच होती.

“काका, सूनबाई मध्ये लावत नाहीत का? कडेकडेने उरकतात?”

“लावते की. व्यवस्थित लावते.”

“मग त्यांना एकदा घेऊन या. पाच मिनिटांत दाखवते.”

“तिला कुठला वेळ! सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. तुम्ही मला सांगा, मी सांगतो तिला.”

“तुम्हाला तुमची पाठ दिसत नाही. मी त्यांनाच फोन लावते.”

“उचलणार नाही ती. कामावर फोन आत ठेवतात.”

“नाही उचलला तर नाही.”

सिस्टरांनी फाइलचं पहिलं पान उघडलं. रुग्णाचा फोन: वापरत नाही. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा फोन: एक दहा आकडी नंबर, प्रत्येक आकडा छापल्यासारखा. त्यांनी टेबलावरच्या फोनवरून तो लावला.

खुंटीवरचा शर्ट वाजला.

दोनदा वाजला. तिसऱ्या वेळी सिस्टरांनी फोन ठेवला. घड्याळजी हलले नाहीत. पाठ तशीच ताठ होती.

“दुसरा नंबर नव्हता,” ते भिंतीला म्हणाले.

सिस्टरांनी दार लोटून घेतलं आणि समोर न जाता मागेच खुर्ची ओढून बसल्या. तोंड दिसत नसलं की माणसं बोलतात, हा अनुभव होता.

“सूनबाई खरंच आहेत?”

“आहे ना! सून आहे, मुलगा आहे, सात वर्षांची नात आहे. बनावट काही नाही त्यात. फक्त इथे नाहीत. विमानाने अकरा तास. चार वर्षांपूर्वी येऊन गेले.”

“आणि मलम?”

“रोज सात पेरं मोजून कागदावर काढतो. कागदाची घडी करून टाकतो.”

“सहा आठवडे?”

“तुम्ही वजन करता ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.”

सिस्टरांना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही. “काका, खोटं वागायचं तर जरा गबाळेपणाने वागावं माणसाने. एकदा चार, एकदा नऊ. साडेपाचवर या जगात कोणी थांबत नाही.”

“चाळीस वर्षं घड्याळं लावली, सिस्टर. मागेपुढे ठेवायला हात तयार होत नाही.”

त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. तारेला बाक देऊन टोकाला स्पंज बांधला होता. स्पंजच मलम पिऊन टाकायचा. दाराच्या कडेवर मलम लावून पाठ घासून बघितली. खपल्या निघून रक्त आलं. एकदा न्हाव्याला विचारलं. वीस वर्षांची ओळख. तो म्हणाला, नक्की, का नाही, फक्त दुपारी या, गिऱ्हाईक नसताना. दुपारी गेले तर दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून घड्याळजींनी रस्ता बदलला.

“लागण होत नाही याने. सांगायचं होतं त्याला.”

“सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे हो.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

“मी वॉर्डात होतो तेव्हा शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. त्याने त्या रकान्यात ‘कोणी नाही’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या समाजसेवेच्या बाई आल्या. चांगलं बोलल्या. आठवड्याने त्याला आश्रमात पाठवलं. त्याचं शिवणयंत्र कुठे गेलं ते त्यालाही माहीत नव्हतं. माझ्याकडे भाड्याची एक खोली आहे, सिस्टर. पुढे दुकान, मागे खाट. सत्तर-पंचाहत्तर घड्याळं आहेत, त्यातली निम्मी लोक न्यायला यायचे नाहीत, पण चालू आहेत. मला तिथेच राहायचं आहे. तुम्ही खुशाल इंजेक्शन द्या.”

“छातीतला डाग माहीत आहे ना?”

“डॉक्टरांनी सगळं सांगितलं. सही केली मी.”

“म्हणजे क्षय चालेल, पण ‘कोणी नाही’ हे दोन शब्द चालणार नाहीत.”

“असंच काहीसं.”

सिस्टरांनी हात धुतले. ‘पाठ’ लिहिलेली नवी ट्यूब फोडली आणि डाव्या तर्जनीवर एक रेघ काढली. हातमोजे घालायचं कारण नव्हतं, कातडी कुठे फुटलेली नव्हती. तळहाताने खपल्यांवरून खाली, केसांच्या दिशेने, न चोळता. घड्याळजींनी श्वास रोखून धरला होता. तिसऱ्या पेराला त्यांनी तो सोडला, आणि खांदे, जे वर येत नव्हते, ते एकदम खाली आले. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. सिस्टर घरी एकट्या राहत. आपल्या पाठीवरचा तीळ डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“मी लिहिणार आहे,” हात पुसत त्या म्हणाल्या. “लिहायच्या आधी वाचून दाखवते. ‘पाठीच्या मधल्या भागाला मलम लागलेलं नाही. खांद्यामुळे रुग्णाचा हात पोचत नाही. घरी लावणारं कोणी नाही.’”

“शेवटचं वाक्य काढा.”

“डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.”

“मग सांगा, सून गावाला गेली आहे.”

“काका, मी मापलेलं लिहिते.”

घड्याळजी शर्ट घालत होते. उजवी बाही सापडेना. सिस्टरांनी ती धरली. “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” ते म्हणाले, आणि नवी ट्यूब न घेताच गेले.

सिस्टरांनी तिन्ही वाक्यं लिहिली. खाली चौथं जोडलं: ‘रोज साडेचार वाजता ड्रेसिंगच्या खोलीत मलम लावता येईल, सहा मिनिटं.’

गुरुवारी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे औषध फसलंच नाही,” ते म्हणाले. “ते लागलंच नाही.” इंजेक्शन आठ आठवडे पुढे ढकललं. समाजसेवेच्या बाईंना चिठ्ठी गेलीच. ती रोखणं सिस्टरांच्या हातात नव्हतं. पण बाईंबरोबर खोली बघायला त्या स्वतः गेल्या. काउंटरमागे सगळी घड्याळं एकाच वेळेवर होती. स्टोव्ह पुसलेला, भांडी पालथी. बाईंनी लिहिलं: स्वतंत्र राहण्यास समर्थ. मग घड्याळजींकडून नंबर घेऊन मुलाला परदेशी फोन लावला.

घड्याळजी सोमवारी आले. साडेचारला.

“मुलाने चाळीस मिनिटं झापलं,” स्टुलावर बसत ते म्हणाले. “चार वर्षांत एवढा बोलला नव्हता. एरवी ‘बरे आहात ना?’ आणि मी ‘हो.’ संपलं.”

“आणि सूनबाई?”

“ती म्हणाली, बाबा, सहा आठवडे मी तुमची खूप सेवा केली म्हणे. मग रडायला लागली. मला वाईट वाटलं. तिचा काय दोष, तिला विचारलं कुठे होतं?”

पहिले तीन आठवडे ते रविवार सोडून रोज आले, मग दिवसाआड. बोलणं फार होत नसे. मावशींच्या टोमण्यांना ते उत्तरं द्यायचे, दिवा लागला की गप्प व्हायचे. चौथ्या आठवड्यात मधला तुकडा फिका पडला. सहाव्यात खपल्या गेल्या. आठव्यात जुन्या ठशासारखा एक तपकिरी डाग उरला, जो महिन्या-दोन महिन्यांत आपोआप जाणार होता. मोठ्या डॉक्टरांनी या वेळी आत येऊन, वाकून बघितलं आणि इंजेक्शनच्या कागदावर आडवी रेघ मारली.

बरं झालेल्या कातडीवर जोरकस मलम लावत राहिलं तर ती पातळ होते, हे सिस्टर विद्यार्थिनींना शिकवत. साधं क्रीम लावायला चाललं असतं, पण साध्या क्रीमसाठी ड्रेसिंगची खोली मिळत नाही. बाहेरच्या बाकावर अकरा माणसं होती आणि त्यांतल्या चौघांच्या पायांना जखमा होत्या. सिस्टरांनी फाइल उघडली आणि लिहिलं: पाठ स्वच्छ. मलम बंद. सहा महिन्यांनी दाखवणे.

“म्हणजे परवा यायचं नाही?”

“नाही काका. सहा महिन्यांनी.”

“सोमवारी?”

“नाही.”

“बरं.” घड्याळजींनी मान हलवली. ते शर्टाची बटणं लावत होते. वरचं चुकीच्या काजात गेलं, ते त्यांनी काढून पुन्हा लावलं. सगळं त्यांना हवं तसं झालं होतं. खोली त्यांचीच होती, छातीला धक्का लागला नव्हता, पाठ गुळगुळीत होती. दारापाशी जाऊन ते थांबले.

“हे परत उठतं का, सिस्टर?”

“उठू शकतं. काहींचं वर्षाने, काहींचं दोन महिन्यांत.”

“दोन महिन्यांतही?”

“घाबरू नका. उठलं तर लगेच या, वाट बघू नका.”

“नाही, नाही,” घड्याळजी म्हणाले. “घाबरलो नाही मी.”

ते गेले. सिस्टरांनी स्टुलावरचं कापड बदललं, हात धुतले आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.