लोरीनबाईंच्या दारावरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. टेक्सासमधल्या एका लहान गावात, लोरीनबाईंच्या खाणावळीच्या काचेच्या दारावर मी अकरा वर्षं काढली. 'लपवलेले पिस्तूल घेऊन आत येऊ नये', एवढंच माझं म्हणणं. पण ते इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांत, येणाऱ्याच्या नजरेसमोर असावं लागतं. नाहीतर आमच्याकडचा कायदा पाटीला पाटी मानत नाही. मला रंगवणारा म्हातारा प्रत्येक अक्षर पट्टीने मोजत कुरकुरला, पण एक रेघ चुकू दिली नाही.

मी दारावर का आले, तेही सांगते. एका दुपारी खुर्चीला अडकवलेली एका बाईंची पर्स खाली पडली, आतल्या पिस्तुलाचा बार उडाला आणि गोळी काउंटरच्या लाकडात शिरली. लोरीनबाईंची लेक मार्ला तिथून वीतभर अंतरावर कॉफी ओतत होती. या छपराखाली पुन्हा पिस्तूल येणार नाही, असा शब्द आईने दिला, तेव्हा कुठे मार्ला कामावर परतली. तो शब्द म्हणजे मी.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मग हळूहळू पिस्तूल गाडीत कुलपात ठेवून यायचं अंगवळणी पडलं. रविवारी समोरच्या चर्चमध्ये पाद्री उपदेश करता करता गाऊ लागत, मंडळी सूर धरत आणि माझी काचही थरारे. तोच सूर ओठांवर घेऊन माणसं जेवायला येत. मित्रांनो, त्यासारखं सुख मी दुसरं अनुभवलं नाही.

पुढे शाळेच्या फुटबॉलचा हंगाम आला. सामन्यांचं वेळापत्रक ज्याच्या दारावर नाही, ते दुकान आमच्या गावाचं नव्हेच. लोरीनबाईंनी ते हौसेने चिकटवलं, ते नेमकं माझ्या तोंडावर. मला दिसेना; ऐकू मात्र येत होतं. जे दिसलं नाही, ते मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळलं.

त्या रविवारी हॉलिस आले. लोरीनबाईंच्या दिवंगत नवऱ्याचे ते जिवलग मित्र, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारे. चर्चवर मंडळीतलेच लोक आळीपाळीने पिस्तूल लावून पहारा देत; त्या दिवशी त्यांची पाळी होती, आणि ते कमरेच्या पिस्तुलासकट तसेच जेवायला बसले. पडलेला काटा उचलायला वाकले तेव्हा कोट वर सरकला. मार्लाच्या हातातली बशी खणखणू लागली.

"आई," एवढंच ती म्हणाली.

लोरीनबाईंनी हळू आवाजात त्यांना पिस्तूल गाडीत ठेवून यायला सांगितलं. हॉलिस हसले. "अगं, देवाच्या घरी चालतं, ते तुझ्या घरी चालत नाही होय?" आजूबाजूचेही हसले. लोरीनबाई जागच्या हलल्या नाहीत, तसा हॉलिस यांचा आवाज बदलला. "पाटी कुठंय तुझी? दारावर पोरांचे सामने आहेत. कायद्याने मला कुणी अडवलेलं नाही."

बोलणं खरं होतं. मी दोन हातांवर होते, आणि नसल्यासारखीच.

"पाटी मीच झाकली, चूक माझी," लोरीनबाई म्हणाल्या. "म्हणून आता तोंडाने सांगते, कायद्याला तेही चालतं. चर्चमध्ये काय आणायचं ते पाद्री ठरवतील. हे दुकान माझं आहे. ते बाहेर ठेव, नाहीतर तूही बाहेर थांब. पुन्हा सांगायला लावलंस तर शेरीफना बोलावीन."

"मित्राच्या बायकोने मला हाकलायचं?"

"त्या मित्राच्या लेकीकडे बघ आधी."

खुर्ची करकरली. काटेचमचे थांबले. हॉलिस यांचा हात कुठे जातोय, कोण जाणे. पावलं दाराशी आली, दार उघडलं आणि बाहेरून माझ्यावरचा कागद सोलला गेला. समोर हॉलिस होते, लालबुंद. त्यांनी मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं आणि ते गाडीकडे गेले. गाडीचं दार आपटलं. पण इंजिन सुरू न करता ते नुसते गाडीत बसून राहिले. खाणावळीत कुणी घास उचलेना.

बऱ्याच वेळाने ते आले. कोट नव्हता. शर्ट सगळीकडून पँटमध्ये खोचलेला, म्हणजे रिकामी कंबर सगळ्यांना दिसावी. मार्लाने कॉफी ओतली, थोडी बशीत सांडली. त्यांनी बशीतलीही पिऊन टाकली.

आज माझा रंग उडाला आहे, दारावर नवी पाटी आहे. मित्रांनो, दाराची पाटी झाकू नका, आणि दुसऱ्याच्या दारात शिरताना ती वाचा. मी नुसता रंगवलेला पत्रा. 'नको' म्हणायला शेवटी माणसालाच उभं राहावं लागतं. कुणी तुम्हाला असं 'नको' म्हणालं, तर रागावण्याआधी बघा, त्याच्यामागे कुणाचे हात थरथरताहेत.