सत्काराचा फोटो

शकुबाईंनी ताटातला नारळ उचलून वकीलबाईंच्या ओंजळीत ठेवला.

"मावशी, जरा हसा की," फोटोवाला म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. सकाळपासून लोक त्यांना कुठे उभं राहायचं तेच सांगत होते.

लोणावळ्यातल्या त्या हॉलमध्ये गोरगरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या वकिलांचा सत्कार होता आणि पुराव्यादाखल एखादा गरीब स्टेजवर हवाच होता. शकुबाई आणि त्यांचे नवरे निवृत्ती यांनी एका बंगल्याची राखणदारी करण्यात उमर घालवली. निवृत्तींनी अंथरूण धरल्यावर मालकाला आवारातली त्यांची खोली रिकामी हवी झाली. त्यांना हुसकावू नये, असा मनाई हुकूम ॲड. ज्योत्स्नांनी कोर्टातून मिळवून दिला होता. ते काम त्यांनी खरंच जीव ओतून केलं होतं.

ज्योत्स्नांच्या अंगावर शाल पडते न पडते तोच शकुबाईंच्या कमरेचा फोन वाजला. शेजारच्या बंगल्यावरची नूर बोलत होती.

"मावशी, लवकर या. मालकाची माणसं आलीत. खोलीला कुलूप लावलंय. आबांना खाटेसकट फाटकाबाहेर ठेवलंय."

"बाई, तुमी तर मनाई हाय म्हनला व्हता!" शकुबाई स्टेजवरच ओरडल्या.

ज्योत्स्ना तशाच खाली उतरल्या. आज त्याच खटल्याची तारीख होती आणि सत्कारामुळे त्यांनी आपल्या जागी प्रदीपला, ऑफिसमधल्या सहकारी वकिलाला, कोर्टात पाठवलं होतं. तो परत येऊन पहिल्या रांगेत बसला होता.

"मनाई वाढवून घेतलीस ना?"

"तारीख घेतली ना मॅडम. पुढच्या महिन्यातली."

"मी मनाईचं विचारतेय. ती आजपर्यंतच होती."

प्रदीप हातातल्या पुष्पगुच्छाचा कागद चुरगाळत राहिला.

"इथं वेळेत पोचायचं होतं..."

मालकाचा वकील मात्र कोर्टात पूर्ण वेळ हजर होता. त्याचा कुणी सत्कार करत नव्हतं.

बंगल्याच्या फाटकाबाहेर भर उन्हात खाट होती. निवृत्ती डोळ्यांवर हात घेऊन पडले होते आणि नूर ओढणीनं सावली धरून उभी होती. ज्योत्स्ना अंगावरची शाल काढून निवृत्तींच्या डोक्यावर धरायला गेल्या. शकुबाईंनी ती हिसकावून गाडीच्या टपावर फेकली.

"ऱ्हाऊ द्या. सत्काराची हाय, मळंल."

"शकुबाई, माझीच चूक झाली."

"चूक तुमची आन् रस्त्यावर आमी! ह्यो कुटला न्याय वो?"

ज्योत्स्नांचा फोन वाजला. प्रदीपचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मॅडम, ग्रुप फोटो राहिलाय. सगळे वकील थांबलेत."

"बोलवा की हिकडं," शकुबाई म्हणाल्या. "हितं काडा फोटू. ह्यांच्या खाटंसंगं."

ज्योत्स्नांनी एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा खाटेकडे.

"प्रदीप, सगळ्यांना घेऊन इकडे ये. फोटोवाल्यालाही आण. कुलूप, खाट, सगळं फोटोत आलं पाहिजे. तो फोटो घेऊन इथून थेट कोर्टात जायचंय."

गाड्या आल्या. काळ्या कोटातली माणसं खाटेमागे गुमान उभी राहिली. शकुबाई निवृत्तींच्या उशाशी उभ्या होत्या. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"मावशी, जरा..."

शकुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुढचे शब्द गिळले आणि बटण दाबलं.