जावईबापूंचं न उघडलेलं पाकीट

मी एक जुनं ॲल्युमिनियमचं चाक आहे, सायकलचं, पुढचं. हादरे खाणं हा माझा रोजचा धंदा. खड्डे, गतिरोधक, फुटपाथची कड, सगळं मुकाट पचवत आलो. पण मित्रांनो, शर्यतीच्या सकाळी मला जो हादरा बसला तो रस्त्यावर नाही, गाडीत बसल्या जागी बसला. अजून आठवलं की माझ्या तारा झणझणतात.

माझा जन्म काही मोठा थाटाचा नाही. कारखान्यात ॲल्युमिनियमची लांब पट्टी गोल वाकवली, टोकाला टोक जोडलं, भोकं पाडली आणि मला दुकानात धाडलं. तिथे दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्यात तारा ओवल्या, मला फिरवून फिरवून आऊट काढला, म्हणजे माझा डुलण्याचा दोष घालवला, आणि मग एका मुलीच्या सायकलला बसवलं. त्या मुलीला घरात भिंगरी म्हणतात. ती बसून जेवत नाही, उभ्या उभ्या जेवते, म्हणून.

घरात माणसं तीन. भिंगरी, तिचे बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या धोबीखान्याची व्हॅन चालवते. बाबा लोकांचे दात बनवतात. कवळी घासून घासून अशी गुळगुळीत करतात, की तोंडात घातल्यावर माणसाला तिची आठवणही राहू नये. कणभर खरखर राहिली तरी त्यांना जेवण गोड लागत नाही. इतक्या काटेकोर माणसाच्या घरी आपण आलो, याचा मला फार अभिमान होता.

मी खूप राबलो. भिंगरी पहाटे मला घेऊन निघायची आणि घाट चढून-उतरून यायची. उतारावर तिने ब्रेक दाबला की ब्रेकचे रबर माझ्या कडा दोन्ही बाजूंनी आवळायचे. मी तापायचो, पण वाकायचो नाही. कधी खड्ड्यात आपटून वाकडा झालो तर काका दोन तारा आवळायचे, दोन सैल करायचे आणि म्हणायचे, "याला काय होतंय. हा आपला घरचा माणूस."

मग भिंगरीला मोठ्या संघाच्या निवडीच्या शर्यतीचं बोलावणं आलं. ज्यांची निवड होईल त्यांना संघाच्या वसतिगृहात राहून शिकायला मिळणार होतं. तिचं सगळं लक्ष तिथे लागलं. तेव्हा घरात कार्बनची चाकं आली. काळी, चकचकीत, खोल कडेची, आणि वजनाला इतकी हलकी की आत्याने त्यांचं खोकं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "यात चाक ठेवायचं विसरले की काय?"

ही चाकं घेतानाच, कोणती कधी वापरायची यावर दुकानात बरीच चर्चा झाली होती. काका म्हणाले, "सरावाला ॲल्युमिनियम. मार खातं, सरळ करता येतं. शर्यतीला कार्बन, चढावर आणि वेगात फरक पडतो. पण कार्बनला उष्णता सोसत नाही. त्याचे ब्रेकचे रबर वेगळे असतात, या पाकिटात आहेत. चाक बदललं की रबर बदलायचे. आणि पोरीला चार दिवस यावर उतार उतरू द्या, हाताला सवय होऊ द्या."

बाबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

घरी आल्यावर नवी चाकं जुन्या पलंगपोसात गुंडाळली गेली. या घराची रीतच तशी. नवे टॉवेल कपाटात, वापरायला जुने. नव्या कपांचा संच खोक्यात, आणि हातात कान तुटलेला कप. भिंगरी म्हणाली, "बाबा, उद्या घाटात नवी चाकं नेऊ?"

"राहू दे गं. शर्यतीची आहेत, शर्यतीलाच काढू."

आत्या म्हणाली, "जावईबापू आहेत ते. त्यांना कामाला लावतात होय?" तेव्हापासून कार्बनच्या चाकांचं नाव जावईबापू पडलं. मी खुंटीवरून बघत होतो. खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. माझ्या अंगावर कधी कुणी पलंगपोस टाकला नव्हता.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला उतरवलं आणि जावईबापूंना बसवलं. मऊ फडक्याने त्यांना पुसलं. रबराचं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग सायकलला लावलेल्या रबरांकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे तर अजून निम्मेसुद्धा झिजले नाहीत. फेकायचे कशाला? हे संपले की नवे लावू." पाकीट परत खणात गेलं. दात बनवणाऱ्या माणसाने हे करावं, मित्रांनो, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

शर्यत अशी होती, की एकेक जण वेगवेगळा सुटायचा आणि प्रत्येकामागे घरची एक गाडी चालायची, जादाचं चाक घेऊन. ते जादाचं चाक मी होतो. आत्याच्या व्हॅनमध्ये धुतलेल्या चादरींच्या वासात, बाबांच्या मांडीवर बसून मी समोरच्या काचेतून सगळं पाहत होतो. चढ तिने असा घेतला की पुढे सुटलेल्या दोघी मागे पडल्या. बाबा माझ्यावर बोटांनी ठेका धरत होते.

मग उतार लागला. पहिल्या वळणाला तिने ब्रेक दाबला, दुसऱ्या वळणाला दाबला. तिसऱ्या वळणापर्यंत उघड्या खिडकीतून जळका वास आत आला.

आत्या म्हणाली, "कसला रे वास हा?"

बाबांची बोटं थांबली होती.

जावईबापूंपैकी पुढच्या चाकाची काळी कड एका जागी फुगली होती. चाक फिरताना तो फुगवटा ब्रेकला दर फेरीला धडकत होता आणि भिंगरीचे खांदे त्याबरोबर उडत होते. मला ओरडावंसं वाटलं. चाकाला तोंड नसतं. पुढच्या क्षणी ट्यूब फुटली, बंदूक सुटावी तशी. सायकल कड्याच्या बाजूला गेली, परत आली, आणि आतल्या अंगाच्या खडीत रुतून आडवी झाली.

आत्याने व्हॅन थांबवली. बाबा मला छातीशी कवटाळून बसले होते, पांढरेफटक.

"अरे, चाक दे इकडे! तान्ह्या पोरासारखं काय धरून बसलायस?" आत्याने मला ओढूनच घेतलं.

भिंगरीचं कोपर सोललं होतं. ती उठून बसली होती आणि फुटलेल्या चाकाकडे बघत होती. रडत नव्हती. "ब्रेक लागतच नव्हता, आत्या," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आत्याने मला बसवलं, ब्रेकची तार आवळली. "आता हळू उतर. हा घरचा आहे, हा दगा द्यायचा नाही."

मी तिला खाली आणलं, आणि शेवटच्या रेषेपर्यंतही आणलं. पण गेलेला वेळ परत आला नाही. निवड झालेल्यांमध्ये तिचं नाव नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी जुने रबर काढले आणि दात कोरायच्या बारीक हत्याराने टोकरले. काळ्या रबरातून चकचकीत कण निघाले. टेबलावर पडले तेव्हा मी ओळखले. ते माझेच होते. घाटात झिजून झिजून मी त्या रबरांत जाऊन बसलो होतो, आणि तिथून जावईबापूंची कड खरवडत, तापवत होतो. आपलं अंग असं कुणाच्या वाटेत येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. बाबांनी एक कण बोटाच्या टोकावर घेतला. ज्यांना कवळीतली खरखर चालत नाही, ते त्या कणाकडे बघतच राहिले.

भिंगरी दारात उभी होती. "बाबा, आता तरी ते पाकीट उघडा."

त्यांनी उघडलं. कोरे करकरीत रबर. पण ज्या चाकासाठी होते ते फुटलेलं. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "तुझ्यासाठीच राखून ठेवले होते गं." भिंगरी त्यांच्याशेजारी बसली. घरात ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या सकाळी कान तुटलेला कप कचऱ्यात होता. तिघांच्या हातांत नवे कप होते आणि अंगावरचं पाणी टिपायला नवे टॉवेल. आत्या म्हणाली, "हे टॉवेल पाणी शोषत नाहीत, नुसतं फिरवतात." पण कुणी ते परत कपाटात ठेवले नाहीत.

आता दर रविवारी बाबा माझे रबर काढून, त्यातला कण न् कण टोकरून परत बसवतात. फुटलेले जावईबापू माझ्या शेजारच्या खुंटीवर आहेत, आणि त्यांच्या तारेला ते उघडलेलं पाकीट अडकवलेलं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही कुठेतरी एखादं पाकीट 'राहू दे' म्हणून ठेवलेलं असेल. जे ज्याच्यासाठी आहे ते त्याला वेळेवर लावा. मी येतो आता. भिंगरी हातमोजे घालते आहे, आणि आज घाट आहे.