भाटाचं बटण

“मास्तरांना आपण खेळात योद्धा देऊ या,” इलेक्ट्रिशियन एकदम म्हणाला. “योद्ध्याला बोलावं लागत नाही. फासा टाकला, तलवार चालली, विषय संपला.”

चहाचे कप ठेवता ठेवता वहिनींचा हात थांबला. समोर त्यांचा नवरा, म्हणजे टेलर मास्तर, बसला होता. उभा जन्म शिंपीकामात गेलेला उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून मास्तरांच्या जिभेवर एकच शब्द उरला होता, ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, दिवा मालवायचा तरी उद्या. ज्या शब्दावर जन्मभर गिऱ्हाइकांना झुलवलं, नेमका तोच उरावा, याला काय म्हणावं! पहिल्या दिवशी वहिनींना हसू आलं होतं. मग न्हाणीघराचं दार लावून त्या रडल्या होत्या.

दर रविवारी दुपारी ही मंडळी गुहा, राक्षस आणि फाशांचा खेळ मांडत. लायब्ररीतल्या बाई सूत्रधार. गोष्ट त्या रचत आणि नियमही त्यांचेच. केमिस्ट मांत्रिक, इलेक्ट्रिशियन योद्धा आणि मास्तर भाट, म्हणजे गाऊन धीर देणारा. वहिनींना त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. “दिवसभर लोकांचं उसवलेलं शिवायचं आणि खेळातही दुसऱ्यांचीच भाटगिरी! एखादा राक्षस तरी मारा की स्वतः.”

“अगं, योद्धा एकाला मारतो. मी तिघांना उभं करतो,” मास्तर म्हणायचे.

कुणावर बाका प्रसंग आला की ते दोन ओळी जुळवून म्हणत आणि कोटाचं एक पितळी बटण त्याच्यापुढे सरकवत. बटणामुळे फाशाच्या आकड्यात भर पडे. काम झालं की बटण भाटाला परत. ते स्वतःसाठी वापरायचं नाही आणि ओळी म्हटल्याशिवाय द्यायचंही नाही.

मास्तरांनी योद्ध्याचा कागद डाव्या हाताने मागे ढकलला. “उद्या.”

“हट्ट नका करू, मास्तर.” इलेक्ट्रिशियनचा आवाज चढला, पण नजर कुठेच ठरेना. वहिनींना त्याचा राग आला. तरी तो चुकीचं काय बोलत होता? दुकान गेल्यातच जमा होतं. सोमवारी शटर उघडून लोकांची कापडं परत करायची, असं वहिनींनी कालच सांगितलं तेव्हा मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आता इथूनही उठवलं, तर या माणसाकडे राहिलं काय?

खेळ सुरू झाला. गुहेतला पूल तुटला आणि योद्धा एका हाताने लोंबकळत राहिला. इलेक्ट्रिशियनने फासा उचलला, तेवढ्यात मास्तरांनी खिसा चाचपून बटण पुढे सरकवलं.

“उद्या,” ते म्हणाले. मग चाल लावल्यासारखं लांबवून पुन्हा, “उद्या…”

सगळ्यांनी सूत्रधार बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “झाल्या दोन ओळी,” त्या म्हणाल्या.

फासा एकावर पडला. बटणाची भर घालूनही भागेना आणि योद्धा दरीत गेला.

इलेक्ट्रिशियनने बाहीला डोळे पुसले. “मेलो, मास्तर. पण हात नाही थरथरला. भाट तुम्हीच राहा, मी आणतो दुसरा योद्धा.”

त्याने बटण परत दिलं. मास्तरांनी ते तसंच पुढे वहिनींकडे सरकवलं.

“अहो, मला कशाला? मी कुठे खेळते?”

“उद्या,” मास्तर म्हणाले. या वेळी त्यांना नेमकं तेच म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक बाई आली. लेकीच्या मुलाखतीसाठी तिने कोट शिवायला टाकला होता. वहिनींनी गाठोडं सोडलं, तर कोटाचं अंग शिवून झालेलं आणि बाह्या सुट्या. ‘माफ करा, घेऊन जा’ हे वाक्य त्यांनी वाटभर घोकलं होतं.

“असं अर्धवट नेऊन मी काय करू हो?” बाई रडकुंडीला आली.

वहिनींनी मुठीतलं बटण घट्ट धरलं. “उद्या या,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. काज-बटण त्यांनी घरी जन्मभर केलं होतं, पण बाही कधी लावली नव्हती.

संध्याकाळी त्या कोट घेऊनच घरी आल्या. नियमाप्रमाणे बटण मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

“उजवी बाही डावीकडे बसली, अहो,” एवढं म्हणेपर्यंत त्यांना रडू फुटलं.

मास्तरांनी बटण खिशात टाकलं. कोट मांडीवर ओढून घेतला, शिवण चाचपली आणि डाव्या हाताच्या नखाने ते एकेक टाका उसवायला लागले.